पिंजऱ्यातली बाटली गळू नये म्हणून
सशाच्या पाण्याच्या बाटलीचे दोष, त्यांची पारख आणि दुरुस्ती : दुकानदार व कारागिरांसाठी

तिरोडा हा धानाच्या मुलखातला तालुका. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला, तेव्हापासून तो गोंदियात आहे. हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावरचे हे गाव आता औष्णिक वीज प्रकल्पासाठीही ओळखले जाते. येथल्या उन्हाळ्याविषयी वेगळे सांगायला नको. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि दुपारी बाजार ओस पडतो. अशा गावात सायकल दुरुस्ती, वेल्डिंग, टिनकाम, कोंबड्यांची विक्री, प्लास्टिकच्या वस्तूंचे दुकान अशा लहान लहान धंद्यांवर आपल्या अनेक कुटुंबांची चूल पेटते.

या पानावर आम्ही भांडवल, कर्ज, बाजारभाव अशा मोठ्या विषयांवर लिहितो. आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. पाळीव सशाच्या पिंजऱ्याला उलटी टांगलेली पाण्याची बाटली गळते, ती गळू नये म्हणून काय करावे, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु जो दुकानदार ससे आणि पिंजरे विकतो, जो कारागीर जाळीचे पिंजरे जोडतो, त्याला हे ठाऊक आहे की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येते ते बहुधा याच बाटलीपायी. पिंजरा उत्तम, ससा तरतरीत, आणि दुसऱ्या दिवशी तळाचे तणस ओले चिंब. गिऱ्हाईक बाटलीला बोल लावत नाही, दुकानाला लावते.

एका थेंबाचा हिशेब

आधी हिशेब मांडू, म्हणजे विषय लहान का नाही ते कळेल. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे १ मिलिलिटर. बाटलीतून दर पाच सेकंदांनी एक थेंब पडत असेल तर तासाला ७२० थेंब, म्हणजे ३६ मिलि पाणी जाते. ५०० मिलिची भरलेली बाटली अशा गतीने चौदा तासांत रिकामी होते. फजरच्या नमाजनंतर, पहाटे पाचच्या सुमारास भरली, तर मगरीबच्या अजानपर्यंत तिच्यात थेंब उरत नाही. मधल्या दुपारी, ऐन उन्हात, जनावर कोरडे.

सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलि पाणी लागते. म्हणजे दोन किलोच्या सशाला १०० ते ३०० मिलि. उन्हाळ्यात ही गरज वाढते आणि पिलांना पाजणाऱ्या मादीला तर याहून बरेच अधिक पाणी लागते. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः आपल्या लांब कानांतून बाहेर टाकतो. हवा तिशीच्या वर गेली की त्याला त्रास होऊ लागतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात तीस अंश हे तर सकाळचे तापमान. पाणी संपले तर तो आधी चारा सोडतो. चारा सुटला की त्याचे पोट थांबते, आणि पोट थांबलेला ससा वाचवणे अवघड असते.

गळतीचा दुसरा घाव खालून बसतो. ओल्या तणसात मूत्र मिसळले की उग्र वायू सुटतो, तो नाका-डोळ्यांना झोंबतो. सतत ओल्यावर बसल्याने मागच्या पायांचे तळवे सोलवटतात. पावसाळ्यात ओल्या केसांवर माशा अंडी घालतात. सशांच्या पिलांना हगवण लावणारा कॉक्सिडिया नावाचा सूक्ष्म परजीवीही ओलसर जागेतच फोफावतो. एकाच गळक्या बाटलीने जनावर वरून तहानेने आणि खालून ओलीने मारले जाते.

बांधलेल्या जिवाचे पाणी

मोकळे जनावर तहान लागली तर नाल्यावर जाईल, बोडीवर जाईल. पिंजऱ्यातल्या जनावराला आपण देऊ तेच पाणी. मांजरीला बांधून ठेवून तिला ना खायला-प्यायला देणारी ना मोकळे सोडणारी स्त्री त्या पापापायी अजाबास पात्र ठरली, आणि तहानेने व्याकूळ कुत्र्याला विहिरीत उतरून, आपल्या पायातल्या मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याची मगफिरत झाली, ही दोन्ही उदाहरणे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहेत. हदीसच्या प्रमाण ग्रंथांत ती नोंदलेली आहेत. पिंजरा विकणाऱ्याने आणि विकत घेणाऱ्याने ती ध्यानात ठेवावीत.

देशाचा कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, मालकाने जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. याच कायद्याखाली २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम झाले. त्यांत कुत्रा, मांजर, गिनीपिग यांच्याबरोबर सशाचे नाव स्पष्ट घातलेले आहे. अशा दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा दोन-चार ससे दुकानात ठेवून विकणाऱ्या बंधूंनी हा विषय किरकोळ समजू नये.

बाटली मुळात थांबते कशी?

दुरुस्ती करायची तर यंत्र कळले पाहिजे. उलट्या बाटलीच्या तोंडाला बूच, बुचातून निघालेली पोलादी नळी, नळीच्या टोकाला एक किंवा दोन छर्रे. पुष्कळांची समजूत अशी की छर्रा नळीचे तोंड बंद करतो म्हणून पाणी थांबते. ही समजूत अर्धीच खरी आहे. छर्रा आणि नळीचा ओठ यांच्यामध्ये बारीक फट असतेच. पाणी थांबते ते बाहेरच्या हवेच्या दाबामुळे.

थोडे पाणी गळून गेले की बाटलीच्या वरच्या भागातली हवा विरळ होते. बाहेरची हवा नळीच्या तोंडाशी खालून दाब देते आणि पाणी तोलून धरते. हवेचा दाब सुमारे दहा मीटर उंचीचे पाणी तोलू शकतो, मग वीतभर बाटलीची काय कथा! छर्ऱ्याचे काम एवढेच की फट इतकी बारीक ठेवायची की पाण्याचा पापुद्रा तुटू नये आणि हवेचा बुडबुडा आत शिरू नये. ससा जिभेने छर्रा वर ढकलतो, तेव्हा पाणी येते, तेवढी हवा बुडबुड करत वर जाते, आणि जीभ काढली की पुन्हा तोल सांभाळला जातो.

यावरून एक सूत्र निघते आणि सगळी दुरुस्ती त्यावर उभी आहे. जेवढी हवा आत, तेवढे पाणी बाहेर. गळकी बाटली हाती आली की पाणी कुठून पडते हे पाहण्याआधी हवा कुठून शिरते ते पाहावे.

बुडबुडा पाहून दोष ओळखा

बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट करून, उजेडात उलटी टांगा. पहिले पाच-दहा थेंब पडतील. ते पडायलाच हवेत, त्यांच्यामुळेच आतली हवा विरळ होते. त्यानंतर टपटप थांबली तर बाटली ठीक. थांबली नाही तर खालील खुणा पाहा.

१. बुडबुडे बुचाच्या कडेने वर जात असतील तर दोष वायसरचा किंवा आट्यांचा. वायसर दुमडलेला, कडक झालेला किंवा हरवलेला असतो, नाहीतर बूच तिरपे बसलेले असते.

२. बुडबुडे नळीतून वर येत असतील तर दोष छर्ऱ्याचा किंवा नळीच्या ओठाचा. छर्ऱ्याखाली तणसाची काडी, केस किंवा क्षाराचा कण अडकलेला असतो, अथवा ओठाला ठेच बसलेली असते.

३. बुडबुडा एकही दिसत नाही, तरी पाणी पडते, आणि बाटलीची कूस आत दबत जाते. तेव्हा बाटली पातळ आहे. आतली हवा विरळ होऊ लागली की कूसच आत येते, त्यामुळे तोल जमत नाही.

४. बुडबुडा नाही, कूसही दबत नाही, तरी गळते. तेव्हा पाण्याच्या पातळीच्या वर, जिथे हवा आहे तिथे, बारीक चीर असण्याचा संभव असतो. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतो तसेच करावे. रिकामी बाटली बूच लावून, नळीचे टोक बोटाने दाबून, बादलीतल्या पाण्यात बुडवावी आणि कूस हलके दाबावी. चीर असेल तेथून बुडबुडे निघतील. चिरलेली बाटली चिकटवत बसू नये, बदलावी.

५. सकाळी व रात्री ठीक, फक्त दुपारी गळते. हा बाटलीचा दोष नाही, उन्हाचा आहे. आमच्या भागात सर्वांत जास्त तक्रारी याच प्रकारच्या असतात, म्हणून त्याचा वेगळा विचार करू.

दुपारची गळती

हवा तापली की फुगते. समजा ५०० मिलिची बाटली अर्धी रिकामी आहे, म्हणजे वर २५० मिलि हवा आहे. पहाटे २५ अंश असलेली ही बाटली दुपारी आतपर्यंत ४५ अंशांना तापली, तर नुसत्या तापण्याने ती हवा सुमारे १७ मिलिने फुगते. शिवाय तापलेल्या पाण्याची वाफ तिच्यात मिसळते, तिचा वाटाही जवळजवळ तेवढाच. दोन्ही मिळून सुमारे ३५ मिलि पाणी बाहेर ढकलले जाते. नवा वायसर घाला, नवा छर्रा घाला, हे पाणी पडणारच.

आता तीच बाटली जवळजवळ भरलेली ठेवा. वर फक्त ५० मिलि हवा असेल तर त्याच उन्हात बाहेर पडणारे पाणी ७ मिलिवर येते, म्हणजे पाचपट कमी. इलाज यातच आहे आणि त्याला दमडीही लागत नाही. सकाळी भरलेली बाटली दुपारचे ऊन चढण्यापूर्वी पुन्हा काठोकाठ भरावी. पिंजरा पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवू नये. बाटलीला जाड सुती कापडाची खोळ शिवून घालावी. खोळीने उष्णता कमी पोचते, आणि उजेड अडल्याने आत हिरवे शेवाळही धरत नाही. अशा खोळी घरातल्या शिवणयंत्रावर चिंध्यांतूनही निघतात.

काही लोक सशाला गारवा मिळावा म्हणून फ्रिजचे थंडगार पाणी भरतात. थंड पाण्याबरोबर आतली हवाही थंड होते, आणि मग दुपारपर्यंत ती जास्तच फुगते. शिवाय बाटलीच्या अंगावर बाहेरून दव धरते आणि ठिबकते, ते गळतीसारखे भासते. माठातले किंवा साधे पाणीच भरावे. गारवा द्यायचा तर वेगळ्या बाटलीत बर्फ करून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवावी, ससा तिला टेकून बसतो.

कारागिराचे काम : वायसर, छर्रा, ओठ आणि पकड

आता दुरुस्तीकडे वळू.

*वायसर.* सायकलच्या जुन्या ट्यूबमधून वायसर कापून घालण्याची पद्धत आहे. तो चार दिवस चालतो. पण ते रबर पाण्याला वास देते आणि उन्हाने लवकर तडकते. वासाचे पाणी ससा कमी पितो, म्हणजे गळती थांबली तरी हेतू फसला. खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीच्या सिलिकॉनचा जाड तुकडा आणून, पंचाने मापाचे वायसर पाडावेत. शीतपेयांच्या बाटल्यांचे तोंड बहुधा २८ मिलिमीटरच्या मापाचे असते, त्यामुळे एकच पंच पुष्कळ बाटल्यांना चालतो. नळी बुचात जिथे बसते तिथेही लहान वायसर लागतो, तो विसरू नये. बूच हाताने घट्ट होईल एवढेच आवळावे. पान्याने आवळले की प्लास्टिकचे आटे मरतात आणि मग काहीच उपाय उरत नाही.

*छर्रा.* सायकलच्या चाकाचा छर्रा येथे घालू नये. तो क्रोम पोलादाचा असतो, तेला-वंगणात तो टिकतो, पाण्यात गंजतो. गंजलेला छर्रा ओठावर खरखरीत बसतो आणि गळती वाढते. येथे स्टेनलेस पोलादाचाच छर्रा हवा. शंका असेल तर छर्रा मिठाच्या पाण्यात एक रात्र ठेवून पाहावा. तांबूस डाग आला तर तो बाद.

*ओठ.* नळीचा ओठ छर्ऱ्याला चौफेर सारखा टेकला पाहिजे. इंजिनाचे मेकॅनिक व्हॉल्व्ह बसवताना पेस्ट लावून घासतात, तीच रीत. जुना छर्रा दांड्याला चिकटवून, बारीक घासपूड लावून, ओठावर हलक्या हाताने फिरवावा, मग सर्व स्वच्छ धुऊन नवा छर्रा घालावा. ही विद्या नवी नाही. दियारबकरच्या दरबारातले थोर कारागीर अल-जजरी यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या आपल्या यंत्रग्रंथात, झडप आणि तिची बैठक एमरीच्या पुडीने एकमेकांवर घासून पाणीबंद करण्याची कृती दिली आहे. त्यांच्या साडेतीनशे वर्षे आधी बगदादच्या बनू मूसा भावंडांनी आपोआप भरणाऱ्या, आपोआप थांबणाऱ्या भांड्यांवर पुस्तक लिहिले होते. हाताने काम करणाऱ्या आपल्या बंधूंना वारसा म्हणून ही नावे ठाऊक असावीत.

*नळीला डाख देऊ नये.* पितळेच्या भांड्यांसाठी भंडारा जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे आणि डाखकामात आपल्या भागातले हात तरबेज आहेत. पण साध्या डाखात शिसे असते. पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर आणि दातांनी कुरतडल्या जाणाऱ्या जागी ते नको. सशाचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे तो समोर येईल ते कुरतडतो.

*पकड.* बाटली पिंजऱ्याच्या बाहेर आणि नळी तेवढी आत. नळी खाली उतरती असावी. ती आडवी झाली की छर्रा मागे घरंगळतो आणि धार लागते. टोक जाळीला किंवा तणसाला टेकू नये. काडी छर्ऱ्याला लागली की दिव्याच्या वातीसारखे पाणी तिच्यावरून उतरत राहते. टोकाची उंची सशाच्या तोंडाइतकी असावी आणि तळाचे तणस वाढले की ती पुन्हा पाहावी. नुसत्या तारेने बांधलेली बाटली ससा प्यायला लागला की डुलते, आणि डुलणारी बाटली गळते. पत्र्याची किंवा जाड तारेची पकड वर एक, खाली एक, अशा दोन ठिकाणी द्यावी. जाळीत भोक पाडाल तेथे कडा कानसीने मऊ करावी. ज्या बाजूने सशाचे दात पोचतात तेथे बाटलीपुढे पत्र्याची ढाल लावावी.

*क्षार.* बोअरच्या जड पाण्याने नळीत पांढरा थर धरतो. नळी व छर्रा सिरक्यात किंवा लिंबाच्या सताच्या पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी ब्रशने घासून, खळखळून धुवावेत. ठोकून क्षार काढू नये, ओठाला ठेच बसते.

दुकानदाराचे काम : विकण्यापूर्वीची कसोटी

मोठ्या शहरातून बाटल्यांचा खोका येतो आणि तसाच फळीवर लागतो. आमचे सांगणे असे की खोका आला की त्यातल्या दहा बाटल्या काढाव्यात, दुकानाच्या मागे एका दांडीला उलट्या टांगाव्यात, प्रत्येकीखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवावा. पाच काठोकाठ भराव्यात, पाच अर्ध्या. सुरुवातीचे थेंब पडून गेल्यावर कागद बदलावा आणि दुकान बंद करून घरी जावे. सकाळी कोणता कागद ओला, कोणता कोरडा हे आपोआप दिसते. अर्ध्या बाटल्यांचे कागद दुपारी पुन्हा पाहावेत. या कसोटीला काही खर्च नाही, आणि पुढचा माल मागवताना बोलायला हाती पुरावा असतो.

ज्या बाटल्या नापास झाल्या त्या काय कराव्यात? बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला माल पाहिल्यावर प्रेषित (स.) यांनी व्यापाऱ्याला ओला भाग वर का ठेवला नाही म्हणून विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. धानाच्या बाजारात वावरणाऱ्याला तो अधिक समजावून सांगायला नको. पिंजऱ्याच्या वरचे कोरडे तणस आणि खालचे ओले तणस हाच तो प्रकार आहे. दोष असलेली बाटली दुरुस्त करून विकावी, किंवा दोष सांगून कमी दरात विकावी. दोष झाकून विकलेल्या मालाचे चार रुपये मिळतात आणि बरकत जाते.

गिऱ्हाइकाला पिंजऱ्याबरोबर चार ओळींचा कागद द्यावा. रोज पाणी बदला. दुपारी पुन्हा भरा. रोज एकदा छर्ऱ्याला बोट लावून पाणी येते की नाही पाहा. आठवड्याला एकदा नळी घासा. तिसरी सूचना महत्त्वाची आहे. गळती थांबवण्याच्या नादात छर्रा इतका घट्ट बसतो की पाणीच येत नाही, आणि भरलेली बाटली पाहून मालक निश्चिंत असतो. ससा भरल्या बाटलीखाली तहानलेला राहतो. गळणारी बाटली निदान दिसते, अडलेली बाटली दिसत नाही.

बाटलीला जोड

बाटली कितीही चांगली असली तरी तिच्यावर एकटीवर विसंबू नये. झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सशांनी नळीपेक्षा उघड्या भांड्यातून पाणी पिणे अधिक पसंत केले होते. कारण समजण्यासारखे आहे. नळीतून थेंब थेंब येते, भांड्यातून पोटभर पिता येते. भांड्याची अडचण अशी की ते सांडते, त्यात लेंड्या पडतात. म्हणून जड बुडाचे, आतून गुळगुळीत भांडे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पत्र्याच्या कड्यात बसवावे, आणि बाटलीही ठेवावी. एक बिघडली तर दुसरी असते. हे कडे बनवणे हेही टिनकाम करणाऱ्याला काम आहे.

ज्यांच्याकडे दहा-वीस पिंजरे आहेत, त्यांनी बादली, पातळ नळी आणि प्रत्येक पिंजऱ्याला निपल अशी जोडणी करावी. कोंबड्यांच्या शेडमध्ये हीच रीत असते. बादली पिंजऱ्यांपेक्षा दोन-तीन फूटच उंच ठेवावी. छतावरच्या टाकीची लाइन थेट जोडली तर दाबाने निपल गळतात. बादलीच्या तोंडाशी फडक्याची गाळणी बांधावी, म्हणजे निपलमध्ये कचरा अडकत नाही. पण एक लक्षात ठेवावे. बाटली गळली तर एक ससा तहानेला राहतो, लाइन तुंबली तर सगळे. रोज शेवटच्या निपलला बोट लावून पाणी पाहिल्याशिवाय शेड सोडू नये.

प्रवासात बाटली लावू नये. गाडीच्या हादऱ्यांनी छर्रा सतत हलतो आणि रस्त्यातच बाटली रिकामी होऊन पिंजरा ओला होतो. जवळच्या प्रवासात काकडीचे तुकडे द्यावेत आणि गाडी थांबेल तेथे वाटीतून पाणी पाजावे.

एक सावधगिरी

तिरोडा तालुक्याच्या आसपास जंगल आहे, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जवळ आहे. रानातला ससा आणि पाळीव ससा या वेगळ्या जाती आहेत. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो पकडणे, पाळणे, विकणे यांत तुरुंगाची वाट आहे. कोणी स्वस्तात पिल्लू आणून दिले तरी घेऊ नये. पाळीव ससे विश्वासाच्या पालकाकडूनच, पावतीसह घ्यावेत.

छोट्या कामातली रोजी

मोठे भांडवल नसलेल्या तरुणाला या विषयात काय आहे, असे कोणी विचारील. पंच, सिलिकॉनचा तुकडा, स्टेनलेसच्या छर्ऱ्यांची पुडी, बारीक घासपूड, कानस आणि पत्र्याची कात्री, एवढ्या सामानावर सायकलच्या किंवा टिनकामाच्या दुकानात हे जोडकाम सुरू होते. याने कोणी श्रीमंत होणार नाही हे आम्ही स्पष्टच सांगतो. परंतु ज्या दुकानात जुनी बाटली दुरुस्त करून मिळते, मजुरी आधी सांगितली जाते आणि काम न टिकल्यास पुन्हा विनामूल्य केले जाते, त्याच दुकानात गिऱ्हाईक पुढे पिंजरा, चारा-भांडी आणि सायकलही घेऊन येते. मुलांसाठी ससा घेणारे घर एका खरेदीवर थांबत नाही.

उन्हाळा तोंडावर येण्याआधी, म्हणजे होळीच्या सुमारासच, आपल्या दुकानातला आणि आपण विकलेला प्रत्येक पिंजरा आठवून पाहावा. ओळखीच्या गिऱ्हाइकांना बाटली दाखवायला बोलवावे, वायसर बदलून द्यावा. मे महिन्याच्या दुपारी तुम्ही विकलेल्या पिंजऱ्यात एक मुका जीव तहान भागवील. त्याचा सवाब वेगळा, आणि त्या घरात तुमच्या दुकानाचे नाव चांगले निघेल ते वेगळे. अल्लाह आपल्या हातांच्या कमाईत बरकत देवो.